सुरी दिसली तर

माझे दाजी माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगावर रोज दोन वेळा सुऱ्या फेकत आणि मी शेजारी उभा राहून माईकवरून त्यांचं कौतुक करत असे. मेव्हण्या-मेव्हण्यांचे इतके गोडीचे संबंध मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

आमच्या सर्कशीचा हा सगळ्यात गाजलेला खेळ. ताई लाकडी फळ्याला पाठ लावून उभी राहायची. सुऱ्या तिच्या कानाशी, खांद्याशी, कमरेशी येऊन रुतायच्या आणि तिची पापणीही लवायची नाही. "काय धीराची बाई!" असं लोक म्हणायचे, आणि बायका आपापल्या नवऱ्यांकडे संशयाने बघायच्या.

लोकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ताईला मायनस साडेसातचा चष्मा होता. रिंगणात शिरताना ती तो काढून माझ्या खिशात ठेवायची. त्यानंतर दाजी म्हणजे एक उभा निळा डाग, आणि सुरी म्हणजे नुसता ठक् असा आवाज. सुरी येऊन गेली की मग तिला कळायचं, सुरी आली होती.

तर एकदा जेवताना आमचा विदूषक सहज म्हणाला, "तुझं बरं आहे बाई. दिसतच नाही तर भ्यायचं कशाला? माझे डोळे बांधा, मीही राहतो उभा."

सगळे हसले. ताईही हसली, पण ताटातलं तिने तसंच ठेवलं. संध्याकाळी मला म्हणाली, "इतकी वर्षं लोक टाळ्या वाजवतायत, त्या मला की माझ्या नंबराला?"

"टाळ्याच त्या. ज्याला मिळतील त्याने घ्याव्यात," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दाजीही आले. ते फार खूश नव्हते.

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उभी राहते."

"दिवसभर?"

"नाही हो, थोडाच वेळ. हे सुऱ्या फेकतात तेवढा."

डॉक्टरीणबाईंनी दाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आधी त्यांचेच डोळे तपासून घेतले. ते ठणठणीत निघाल्यावर त्या जरा सैलावल्या.

"मग चष्मा लावूनच उभ्या राहा की."

"काचेवर दिवा चमकतो," दाजी म्हणाले. "माझा नेम हलेल." चष्म्याचा विषय तिथेच संपला.

मग नंबर घालवणाऱ्या लेझरचं डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. काम काही मिनिटांचं, दुखत नाही, डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला नवा आकार देतात आणि एकदा दिला की दिला.

"आणि दिसायला लागल्यावर मी घाबरले तर? आधीचे डोळे परत मिळतील?"

"परत मागायला अजून कोणी आलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे नाही मिळत. मग आधी लेन्स. घातल्या तशा काढता तरी येतील. काय खरं ते एकदा कळू दे, मग लेझरचं बघू."

आणि इथे आमची ताई अडली. बोटाच्या टोकावर लेन्सचा तो इवलासा थेंब, आणि बोट जवळ आलं की डोळा गपकन बंद! उजवा झाला, डावा झाला. सुऱ्यांपुढे ढिम्म न हलणारी बाई स्वतःच्या बोटाला घाबरून खुर्चीसकट मागे सरकत होती. दाजींनी परतीच्या बसमध्ये तोंड उघडलं.

"बोट दिसलं तर ही गत. सुरी दिसली तर? एक इंच हललीस ना, तर मी जन्मभर कुणाला तोंड दाखवू शकणार नाही."

पण तंबूत परतल्यावर ताई रोज लेन्स घेऊन आरशापुढे बसू लागली, आणि एका दुपारी लाल डोळ्यांनी, बिनचष्म्याची, थेट फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. तंबू रिकामा होता. खुर्च्या, दोर, छताची ठिगळं, सगळं तिने चष्म्यातून हजारदा पाहिलेलं होतं. फळ्यापासून समोर काय दिसतं, तेवढंच पाहिलेलं नव्हतं.

दाजींनी सुरी उचलली, हात मागे नेला आणि खाली घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तू बघतेयस."

"बघायलाच घातल्यात ना लेन्स?"

"आजवर तू कुठेतरी लांब बघायचीस. मी फळ्यावर फेकायचो. आज तुझ्यावर फेकतोय असं वाटतंय." त्यांनी तळहात सदऱ्याला पुसला. पोलादी, अचूक, अढळ अशी जी जी विशेषणं मी त्या हाताला माईकवरून लावली होती, ती सगळी त्या क्षणी खोटी ठरली. "डोळे मीट गं."

"नाही मिटणार."

"मग उद्या करू."

"उद्याही मी बघणारच आहे." आणि मग ती, घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही फळ्याकडे बघा. तुमच्याकडे मी बघते."

दाजींनी सुरी सोडली.

मी पहिल्यांदाच सुरीकडे न बघता ताईकडे बघत होतो. तिचे डोळे मोठे झाले. सुरी हातातून सुटल्यापासून कानाशी येईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. मान मात्र तसूभरही हलली नाही. ठक्.

"थांबा," ताई हळूच म्हणाली. दाजींचा चेहरा पांढरा पडला.

"लागली?"

"नाही. ती फिरत येते हो! मला वाटायचं, बाणासारखी सरळ येत असेल. मूठ, पातं, मूठ, पातं... आणि पातं वर आलं की छताच्या झरोक्यातला सगळा उजेड त्याच्यात भरतो. इतकं सुंदर माझ्याकडे रोज येतंय आणि मला पत्ताच नाही!"

सर्कशीत माणसं उडतात, आगीतून जातात. ते सगळं मी जांभया देत पाहिलेलं आहे. त्या दुपारी मात्र माझ्या अंगावर काटा आला.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"म्हणजे काय! चांगलीच घाबरले." ती थोडी थांबली. "पण हलले नाही ना?"

"केससुद्धा हलला नाही."

"मग त्या टाळ्या माझ्याच होत्या," ती म्हणाली.

दाजी घामाने निथळत होते. "झालं ना समाधान? आता काढ त्या लेन्स."

"काढते. पण इथल्या धुळीचा कण एखाद्या दिवशी जाईल डोळ्यात आणि नेमकी एखादी सुरी बघायची राहून जाईल. डॉक्टरीणबाईंना सांगा, लेझर करायचं." तिने केस कानामागे सारले आणि पाठ पुन्हा फळ्याला लावली. "फेका. जरा वरून येऊ द्या, उजेडातून."