मी वाजले नाही तो दिवस

मी एक जुनी पितळी घंटी आहे, टेबलावर ठेवून तळव्याने दाबायची. पुण्यातल्या एका लहान कारखान्यात मी घडले आणि भोरच्या एका सरकारी इमारतीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, मला तुम्हाला पराक्रम सांगायचा नाही. एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे.

सुरुवातीची वीस वर्षे मी मोठ्या कोर्टात होते. मी वाजले की शिपाई धनाजी व्हरांड्यात जाऊन खणखणीत आवाजात नावाचा पुकारा करी. बसलेली माणसे दचकून उभी राहत. मला त्याचा भारी अभिमान वाटे. धनाजी दर शनिवारी मला चिंच लावून घाशी आणि नवे वकील माझ्या झळाळीचे कौतुक करत.

पुढे आमची दोघांची बदली एका लहान खोलीत झाली. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या केसेस चालत. उंच खुर्ची नाही, खाकी गणवेश नाही, दार कायम बंद. मॅजिस्ट्रेट सौदामिनीबाईंनी पहिल्याच दिवशी धनाजीला बजावले, "इथं पुकारा करायचा नाही. घंटी वाजली की बाकाजवळ जायचं आणि हळूच 'चला' म्हणायचं. मुलाचं नाव बाहेर जाता कामा नये."

खरे सांगते, मला ते फार मिळमिळीत वाटले होते.

एकदा वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका धनगरवाडीतली मुलगी आली. तिचे नाव मी सांगणार नाही, वाडीचेही नाही. ती भोरला वसतिगृहात राहून दहावीत शिकत होती. वाडीजवळच्या गडावर आलेल्या एका पर्यटकाचा मोबाईल तिने उचलला होता आणि तसे तिने कबूलही केले. तिची आई हात जोडून म्हणाली, "बाई, वाडीत कळलं तर पोरीची शाळा सुटंल."

"कळणार नाही," बाई म्हणाल्या. "मी शब्द देते."

तो शब्द माझ्यामुळे मोडला. माझी स्प्रिंग दोन महिने कुरकुरत होती. धनाजी म्हणे, पुढच्या खेपेला तेल घालतो. वरून मी चकाकत होते, त्यामुळे दोघांनाही घाई नव्हती. पुढच्या तारखेला बाईंनी मला दाबले आणि मी वाजलेच नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. शेवटी त्यांनी दाराकडे पाहून हाक दिली, "धनाजी, पुढची केस." बाहेर धनाजीचा डोळा लागला होता. तो धडपडून उठला आणि जुन्या सवयीने मुलीचे, बापाचे आणि वाडीचे नाव घेऊन त्याने खणखणीत पुकारा केला.

त्याच वाडीचा संपत दुसऱ्या कामासाठी व्हरांड्यात बसला होता. "आरं, ही तर आमच्यातली पोर. हितं कशाला आलीया?" असे म्हणत त्याने मोबाईल काढला. गडावरच्या चोरीची चर्चा वाडीत आधीपासून होतीच; मुलगी वसतिगृहात पोचायच्या आत बातमी तिथेही पोचली होती.

त्यानंतरच्या तारखेला आई एकटीच आली. "पोर घरी येऊन बसलीया. शाळंतल्या पोरी तिला मोबाईलचोर म्हणत्यात. नावानं कुणी बोलवतच न्हाई."

"चूक माझी हाय, ताई," धनाजी खाली मान घालून म्हणाला. त्यातली अर्धी माझी होती, पण मला बोलता कुठे येते?

बाईंनी निरोप धाडून मुलीला बोलावून घेतले. त्या दिवशी मी तेल पिऊन तयार होते, एका दाबात छान वाजले. धनाजी बाकाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "चला."

ती उठली नाही. "मोठ्यानं बोला की काका," ती म्हणाली. "आता कुणाला कळायचं ऱ्हायलंय?"

उशिरा फुटलेल्या स्वतःच्या आवाजाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारखीला घासले नाही तरी चालेल, पण तेल वेळेवर घाला. बाईंनी खूप समजावल्यावर ती मुलगी येत्या सोमवारपासून पुन्हा वर्गात बसणार आहे. कदाचित तुमच्याच वर्गात. तिला तिच्या नावाने हाक मारा.