माझी वासरंही मोजा

मी एक जुनी गावठी गाय आहे, आणि हे सांगताना माझी मान खाली जात नाही. मित्रांनो, सायवनच्या एका पाड्यावर जिवलीच्या घरी माझा जन्म झाला. उंचीला मी बेताची, अंगाने काटक. पहिलं वासरू मला चौथ्या वर्षी झालं. उशीर झाला, कबूल.

२०१५ साली पाड्यावर जनावरांची तुलना करणारी एक योजना आली. प्रविण डॉक्टर दर महिन्याला येऊन आमच्या छातीभोवती फीत लावायचे आणि त्यावरून वजन काढायचे. शेजारची संकरित जर्सी माझ्या जवळजवळ दुप्पट भरायची. शिवाय ती अडीच वर्षांची असतानाच व्याली होती. गुजरातेतून आणलेली गीरही माझ्याहून भारी. माझ्या नावापुढे डॉक्टरांनी लिहिलं, ‘दूध अर्धा लिटर’. अहो, जिवली आधी वासराला पोटभर पिऊ देते, मग भांडं लावते! उरलंसुरलं दूध मोजून मला कमी ठरवलं, याचा मला अजून राग आहे.

यंदा, २०१८च्या उन्हाळ्यात, डॉक्टर यादी घेऊन अंगणात आले. कमी भरलेली जनावरं विकायची आणि त्यांच्या जागी संकरित कालवड मिळवायची, असं ठरलं होतं. यादीत माझं नाव पहिलं. जिवलीचा नवरा लहान्या खूश झाला आणि त्याने माझं दावं सोडलं. मी चारही पाय रोवले. त्याने ओढलं, मागून ढकललं. मी तसूभर हलले नाही.

तेव्हा जिवली पुढे झाली.

“दाक्तर, वजन मोजलास, दूध मोजलास. हिची वासरां कवा मोजशील?”

“किती झाली?” डॉक्टरांनी विचारलं.

“आठ. सगली जगली. नववा पोटात हाय.”

दोन वेतांनंतर, म्हणजे दोनदा व्यायल्यावर, जर्सी पुन्हा गाभण राहिली नव्हती आणि गीर अजून तिसऱ्या वेतालाच होती, हे डॉक्टरांनीच तपासलं होतं. त्यांनी माझा कागद काढला. वेतांसाठी त्यात पाचच चौकटी छापलेल्या होत्या. उरलेल्या तिघांसाठी त्यांना समासात पट्टीने नव्या चौकटी आखाव्या लागल्या. मग त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं. लहान्याने मुकाट्याने मला खुंट्याला बांधलं.

मित्रांनो, जर्सीशी माझं वैर नाही. तिलाही सावली द्या, वेळेवर पाणी द्या. पण आम्हाला मोजायचंच असेल तर एका दिवसाचं नका मोजू, जन्मभराचं मोजा. आणि डॉक्टरांना निरोप द्या, पावसाळा संपला की पट्टी घेऊन या. नववी चौकट आखायची आहे!