सात नंबरची बाई

धाकटीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. नवरा जहाजावर, तीन महिने तरी यायचा नव्हता. आईवडील कधीच वारलेले. दवाखान्यातून तिला आपल्या घरी न्यायला थोरली बहीण आली. निघताना तिने इतर कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सरकवला आणि धाकटीने तिथेही सही ठोकली. ताईने पुढे केलेला कागद वाचून बघावा, हे तिच्या मनातही आलं नाही.

थोरलीचं संशोधन हार्मोनवर होतं. जीव घाबरला, दुखावला की अंगात जो हार्मोन चढतो, त्याच्यावर तिने वीस वर्षं घालवली होती. आधी उंदरांच्या माद्या, आणि आता माणसं.

रोज सकाळी डोळे उघडले की थोरली बिछान्यापाशी उभी असायची. "दोन मिनिटं तोंडात धर. चावू नकोस." कापसाची गुंडाळी लाळेत भिजली की ती नळीत घालून बूच लावायची. रात्री झोपण्याआधी पुन्हा तेच. "तू सावरतेयस का, ते यावरून कळतं," ती सांगायची. धाकटी स्वतः औषधांच्या दुकानात काम करायची, तिला हे पटलं. खरं तर तिला बरंच वाटायचं. ताईने उभ्या जन्मात कधी तिची इतकी विचारपूस केली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात तिला झोप लागू लागली. एकदा जेवताना ती कशावरून तरी हसलीसुद्धा. थोरली हातातला कागद बघत होती. "फारच लवकर उतरतंय," ती स्वतःशीच पुटपुटली.

"चांगलंच आहे ना मग?"

"हो, चांगलंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने तिच्या मांडीवर एक खोका आणून ठेवला. "तुझ्या घरी झाडांना पाणी घालायला गेले होते. हे कपाटात होतं. काय करायचं याचं?"

आत लोकरीचे मोजे होते. पिवळे, अंगठ्याएवढे. धाकटीनेच विणलेले, एकाचा शेवटचा टाका अजून मोकळा होता. ती दोन दिवस रडली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दोन्ही दिवस दोनाऐवजी चार नळ्या भरून घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात थोरली चष्मा विसरून गेली, म्हणून धाकटी तो द्यायला प्रयोगशाळेत गेली. ताई मीटिंगमध्ये होती. उंदरांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणत. त्यांनी तिला कौतुकाने पिंजरे दाखवले.

"या चाळीस जणींची पिल्लं काढून घेतलीत. पहिले काही दिवस नुसत्या कोपरे हुंगत फिरतात. मग निवतात बिचाऱ्या."

"मग?"

"मग पिल्लांच्या घरट्यातला भुसा आणून टाकायचा पिंजऱ्यात. वास आला की पुन्हा चढतं सगळं. मॅडमची आयडिया."

ताईच्या खोलीत टेबलावर चष्मा ठेवताना तिला भिंतीवरचा आलेख दिसला. दहा बायका, दहा रेघा. नावं नाहीत, नुसते नंबर. सात नंबरची रेघ छान खाली येत होती आणि एके ठिकाणी अचानक उभी चढली होती. टोकापाशी ताईच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता, 'मोजे'.

ती घरी आली, तोंड धुतलं, भांडी विसळली.

खाजेवर लावायचं साधं मलम तिने कारकिर्दीत हजारो जणांना विकलं होतं. ताई मोजते तोच हार्मोन त्या मलमात असतो, हे तिला पाठ होतं. तिने त्याचा सुईच्या टोकाएवढा कण पेलाभर पाण्यात ढवळला. त्या पाण्यात बोट बुडवायचं आणि ताईची पाठ वळली की ते कापसाला पुसायचं. सकाळी आणि रात्रीही.

थोरली हरखली. "बाळाचं इतकं दुःख दहाजणींत कुणालाच झालेलं नाही," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने सात नंबरवर वेगळा निबंध लिहिला. मोठ्या सभेत वाचला, टाळ्या घेतल्या.

मग कुणाला तरी शंका आली, तिच्याकडे सगळे आकडे मागितले गेले आणि चौकशी समिती बसली. हा हार्मोन सकाळी चढतो आणि रात्रीपर्यंत उतरतो, निरोगी माणसाचाही आणि दुःखी माणसाचाही. सात नंबरचा उतरतच नव्हता. अशी बाई असूच शकत नाही, असं समितीने लिहिलं. हे आकडे घरी बसून बनवलेले आहेत, असा ठपका ठेवला.

धाकटी एव्हाना आपल्या घरी परतली होती. थोरली तिच्या दारात आली तेव्हा केस विस्कटलेले होते. "नळ्यांत तू काही घातलं होतंस?"

"हो. मलम."

थोरली खुर्चीवर बसली. "मग तसं लिहून दे. एका सहीचं काम आहे. नाहीतर मी संपले."

"मोजे आणायला तू किल्ली घेऊन मुद्दाम गेली होतीस?"

थोरलीने मान खाली घातली.

"झाडांना पाणी तरी घातलंस का?"

"विसरले."

धाकटीने उठून दार उघडलं. "मी सही करायच्या आधी वाचते हल्ली, ताई. आणि दवाखान्यात तू सही घेतलेला संमतीचा कागद मी नंतर वाचला. त्यात लिहिलंय, सात नंबर कोण ते कुणालाही सांगायचं नाही. ते पाळू या."

थोरलीची नोकरी महिन्याभरात गेली. धाकटीला त्या आठवड्यात भूक चांगली लागली, हेही खरं.

काकांचा फोन दुकानात आला. त्यांना दुसरीकडे काम हवं होतं, तिच्या ओळखीचं कुणी आहे का विचारत होते. प्रकल्प बंद झाला, पिंजरे रिकामे केले, म्हणाले.

"आणि त्या माद्या?"

"बंद प्रकल्पाची जनावरं ठेवत नाहीत. चाळीसही जणी आणि परातभर पिल्लं. गॅसच्या पेटीत. पिल्लांना जास्त वेळ लागतो. एकत्र टाकली मी. तेवढंच."

काउंटरवर एक बाई हातावरचं पुरळ दाखवत उभी होती. धाकटीने फोन खाली ठेवला आणि फळीवरून तेच खाजेचं मलम काढलं. ते तिच्या हातातच राहिलं आणि बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, कितीचं आहे, कितीचं आहे.