न मोडलेली काडी

उदबत्ती जळून संपली तरी तिच्या बुडाची बोटभर काडी मागे राहते. पाथ्रीकर मॅडमच्या टेबलावर मातीच्या वाटीत अशा बऱ्याच काड्या वाळूत रोवलेल्या होत्या. खोलीत आल्यापासून त्रिंबकची नजर त्यांच्यावरून हलली नव्हती. कळपाच्या कडेला लांडगा दिसल्यावर बघावे तसा तो त्यांच्याकडे बघत होता. सारजाबाईला हे दिसत होते, कारण तिला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. मॅडमनी दोघांच्या खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ मांडल्या होत्या.

“मागच्या वेळी सांगितलं होतं ते केलंत का?” मॅडमनी विचारले. “संध्याकाळी थोडा वेळ असंच समोरासमोर बसून बोलायचं.”

“बसलो की,” सारजाबाई म्हणाली.

“आणि काय बोललात?”

“सून कपात च्या ठिवून गेली. त्यो निवला. मंग उठलो.”

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या चष्म्यामागे डोळे बारीक झाले. इथे येण्याची ही तिसरी वेळ, आणि तिन्ही वेळा त्रिंबकने तोंडातून शब्द काढला नव्हता.

शहरातल्या उस्मानपुऱ्यात औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर ही खोली होती. एकटा माणूस येवो, जोडपे येवो नाहीतर सगळे घर येवो, इथे मनाचा इलाज होतो, असे दारावरच्या पाटीवर लिहिले होते. सारजाबाईला वाचता येत नव्हते. सून छायाने ते वाचून दाखवले, तेव्हा ती आधी बिचकलीच होती. पण मॅडमनी पहिल्या दिवशी मनाचे काही विचारलेच नाही. झोप कशी लागते, भाकर किती जाते, पोट साफ होते का, गुडघा कधी ठणकतो, अंगावर ऊन घेता का, असेच सगळे विचारले. सारजाबाईला ते पटले. मेंढी आजारी पडली तर ती काही सांगत नाही. तिचे खूर, कान, लेंड्या, चरणे, सगळेच बघावे लागते. मग मॅडमनी पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवले, तेव्हा त्रिंबक खुर्चीतच घोरायला लागला होता.

त्यांना इथे आणले होते मल्हारीने, त्यांच्या मुलाने. तो वाळूजच्या कंपनीत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी बापाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा त्याने कळप पाचोडजवळच्या वाडीत पुंजाराम चुलत्याच्या हवाली केला आणि दोघांना आपल्या फ्लॅटवर आणले. वाईट काहीच नव्हते. नळाला पाणी होते, पंखा होता, सून गोड होती. पण त्रिंबकचे बोलणे हळूहळू आटत गेले. मग जेवणही आटले.

“आत्याबाई, तुमचं काही भांडण झालंय का?” छायाने एकदा विचारले होते.

भांडण कुठले? पण काय झाले आहे ते सारजाबाईला तरी कुठे नीट सांगता येत होते? ती लग्न होऊन आली तेव्हा सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी सरळ बोलायची रीत नव्हती. कळपामागे फिरताना सासरा पुढे, सासू मागे. मग नवीन नवरी मेंढीलाच सांगायची, “भुरे, तुझ्या मालकाला म्हणावं, भाकर झाली.” आणि तोही मेंढीलाच सांगायचा, “भुरे, तिला म्हणावं, म्होरं पाणी नाय. हंडा जपून वापर.” सासू-सासरे गेले, भुरी मेली, तिच्या जागी दुसरी भुरी आली. रीत मात्र अंगवळणी पडली ती पडलीच. सगळा संसार, लेकराचे आजारपण, रुसवे-फुगवे, सगळे मेंढीच्या कानातून गेले. फ्लॅटमध्ये मेंढी नव्हती. सारजाबाईने टीव्हीला सांगून पाहिले, पण टीव्ही स्वतःच बोलत राहायचा.

आणि काल आणखी एक गोष्ट झाली होती. कपडे भिजवताना त्रिंबकच्या बंडीच्या खिशात तिला उदबत्तीच्या जळक्या काड्या सापडल्या, रुमालात जपून गुंडाळलेल्या. तिने त्या जिथल्या तिथे ठेवल्या. त्याला विचारणार तरी कुणाच्या तोंडून?

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “आज तुम्ही एकमेकांना एकच गोष्ट सांगायची. मनात असलेली, पण राहून गेलेली.” बोलता बोलता त्यांनी वाटीतली एक काडी सहज उचलली. ती दोन्ही हातांच्या बोटांत धरून त्या विचार करू लागल्या. काडी किंचित वाकली.

त्रिंबक ताडकन उठला. दुखऱ्या गुडघ्याचीही त्याला आठवण राहिली नाही.

“मोडू नगा,” तो म्हणाला.

मॅडम चकित झाल्या. “काय मोडू नको?”

“काडी. माझी मर्जी नाय. लेकानं आणलं म्हून आलो. तिची मर्जी आसंल तर तिनं सोताच्या तोंडानं सांगावं. पर काडी मोडू नगा.”

मग सारजाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना.

“मॅडम, ह्यांच्या सांडूमामाची काडीमोड झाली व्हती,” ती म्हणाली. “लिंबाखाली पंच बसले. नवरा-बायकूला आस्संच बसवलं, सामनेसामने. दोघांच्या मर्जीनं काडी मोडली का सोयरीक तुटली. तवा ह्ये बारकं पोरगं व्हते, पर बघितलंय सगळं.” मग तिचे हसू ओसरले. “मला वाटलं, ह्ये गप बसतेत. ह्ये तर भेलेले व्हते.”

मॅडमनी काडी अगदी हलकेच वाटीत परत रोवली.

“माझंच चुकलं, काका,” त्या म्हणाल्या. “इथं कुणी कुणाची काडी मोडत नाही. मी खुर्च्या मांडायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. रानात कसे बसायचात तुम्ही?”

“बसतंय कोण?” त्रिंबक पुटपुटला.

“चालायचं, मॅडम,” सारजाबाईने पुरे केले. “ह्ये म्होरं, म्या मागं. बीचमधी मेंढरं.”

मॅडमनी उठून दोन्ही खुर्च्या खिडकीकडे वळवल्या, एक थोडी पुढे, एक थोडी मागे. समोर गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्रिंबक पुढच्या खुर्चीत बसला. थोड्या वेळाने त्याने खिशातून रुमाल काढला आणि मागच्या खेपेला वाटीतून गुपचूप उचललेल्या काड्या मॅडमच्या टेबलावर परत ठेवल्या.

त्याच्या डाव्या खांद्यावर आता काही नव्हते, पण घोंगडी सावरायला तो खांदा अजूनही थोडा वरच राहायचा. मागून तो दिसला आणि सारजाबाईची जीभ आपोआप सुटली.

“भुरे,” ती त्या टाक्यांकडे बघत म्हणाली, “इचार तुझ्या मालकाला, म्या काडी मोडीन आसं वाटलंच कसं?”

त्रिंबकनेही टाक्यांकडेच बघत घसा खाकरला.

“भुरे, तिला म्हणावं, तिला नळाचं पाणी मानवलं, गादी मानवली,” तो म्हणाला. “म्या कोण्या तोंडानं म्हणू, माघारी चल म्हून?”

“गादी? त्या गादीवर पाठ मोडती माझी. म्या म्हणलं, ह्यांच्या गुडघ्याला डाक्टर लागतो, पंखा लागतो.”

“पंख्यानं कान दुखतेत.”

मॅडमनी जाऊन दार उघडले. बाहेरच्या बाकावर कंपनीच्या कपड्यांत बसलेला मल्हारी घाईने आत आला.

“काय झालं? भांडण मिटलं का?”

“भांडण व्हतंच कवा?” सारजाबाई म्हणाली. “तू आमची काडीमोड करायला आणलंस, आसं वाटलं व्हतं तुझ्या बापाला.”

मल्हारी मटकन बसला. त्याला हसावे की रडावे ते कळेना. “बापू, दोन वर्षं झाली. तुम्हाला काय पाहिजे ते बोला तरी.”

त्रिंबकने मान वळवून बायकोकडे पाहिले.

सारजाबाईला वर्षभरापूर्वीचा पुंजारामचा फोन आठवला. मेंढरं अजून तुमचीच हायेत, या कधीबी, असे तो म्हणाला होता. ती कुणालाच बोलली नव्हती. वाडीला परतलो तर लोक मल्हारीला म्हणतील, याला आई-बाप जड झाले. हीच तिची मनात राहून गेलेली गोष्ट होती. तिने मल्हारीच्या केसांवरून हात फिरवला. पोर चांगले होते. लोकांना तो तोंड देऊ शकत होता.

ती उठली, खुर्चीला वळसा घालून पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. आता मध्ये ना भुरी होती, ना दुसरे कुणी.

“आवो,” ती म्हणाली, “वाडीला जायाचं. पाचोडच्या येत्या बाजारादिशी. तुमी न् म्या.”