डोकं न करता

डॉ. जाधवांनी कंगव्याच्या दांडीने प्रांजलच्या डोक्यामागचे केस उचलून धरले आणि त्याखाली भिंग नेलं. समोरच्या पडद्यावर गुलाबट कातडी उमटली आणि तिच्यातून दोन-दोन, तीन-तीनच्या जुड्यांनी वर आलेले काळे केस. चिखलात भाताची रोपं लावावीत तसे.

"मागे दाट आहेत," त्या म्हणाल्या. "पुढे काय झालंय ते दिसतंच आहे."

"ते बसमध्ये मागच्या सीटवरच्यालाही दिसतं," प्रांजल म्हणाला.

त्या हसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या रत्नप्रभाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा उजवा हात पदराखाली होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश सरकत होता. शनिवारचा उपास असूनही त्या भांडुपहून मुलुंडपर्यंत लेकाबरोबर आल्या होत्या. "तू कशाला येतेस, मी काय कुक्कुलं बाळ आहे का," असं त्याने सांगून पाहिलं होतं. त्यांनी नुसत्या चपला पायात सरकवल्या होत्या.

हा तिसरा दवाखाना. घाटकोपरला डॉक्टरांच्या आधी एक सल्लागार मुलगी भेटली होती. तिच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार होती. बोरिवलीचा डॉक्टर भला होता, पण बोलताना सारखा घड्याळाकडे बघायचा. दोघांचंही म्हणणं एकच. मागच्या केसांतून एकेक मूळ वेचायचं आणि पुढे लावायचं. त्यासाठी आधी डोकं पूर्ण भादरायचं. आणि दोन्हीकडे खुर्चीतून आईचा तोच प्रश्न आला होता, मऊ आवाजात.

"डोकं न करता होईल का हो?"

"आंटी, केस परत येणारच ना," घाटकोपरची मुलगी म्हणाली होती. "दोन महिन्यांत तर एकदम झकास."

"केसांचं नाही गं. बाप असताना मुलाने असं डोकं करायचं नसतं."

मुलीने प्रांजलकडे पाहिलं होतं. प्रांजलने भिंतीवरच्या हसऱ्या, केसाळ माणसाच्या फोटोकडे.

परतताना रिक्षात त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाप अजून आहे हे कशावरून? पण हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. त्याने तोंड बाहेर वळवलं. मेट्रोच्या खांबांची धूळ डोळ्यांत गेली, ते बरंच झालं.

वडील, श्यामकांत, घरातून निघून गेले त्याला आता आठ-नऊ वर्षं होत आली. कंपनीने घरी बसवल्यावरही ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत. घरात कुणालाच पत्ता नव्हता. एकदा भर दुपारी प्रांजलने त्यांना बागेतल्या बाकावर डबा उघडताना पाहिलं आणि संध्याकाळी घरी येऊन, काही वाईट मनात न ठेवता, तसं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी श्यामकांत वेळेवर निघाले, फक्त डबा ओट्यावर तसाच ठेवून.

पोलिसांत तक्रार झाली. देवळं, नातेवाईक, आश्रम, सगळं झालं. चार वर्षांपूर्वी चौकीतून फोन आला, ओळख पटवायला या. "तू ये जाऊन," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "ते नसतील." प्रांजल एकटाच गेला. पांढरी चादर बाजूला झाली, ते नव्हते. घरी येऊन तो दोनदा आंघोळ करून झोपला. आईच्या श्रद्धेचा त्या दिवशी त्याला पहिल्यांदा राग आला. कुंकू, उपास, वडाची पूजा, सगळं तिचं बिनबोभाट चालू होतं. माणूस पंचक्रोशीत कुठे नाही, आणि ही त्याच्या नावाचा घास बाजूला काढतेय.

आणि मग गेल्या दिवाळीत, दाढी करताना, आरशात तेच आले. कपाळ वर सरकलेलं, दोन्ही बाजूंना खाचा, मध्ये उरलेला केसांचा पुंजका. खालच्या मजल्यावरच्या माणिककाकू तर जिन्यात दचकल्याच. "मेल्या, मला वाटलं श्यामकांतच चढतायत." त्या रात्री प्रांजलने फोनवर केसांचे दवाखाने शोधायला सुरुवात केली. लोक विचारत, लग्नासाठी करतोयस का. तो हो म्हणे. हो म्हणणं सोपं होतं. रोज सकाळी त्या माणसाचं तोंड धुवायचा कंटाळा आलाय, हे कुणाला सांगणार?

"वडील आले नाहीत बरोबर?" डॉ. जाधवांनी भिंग खाली ठेवत विचारलं.

"वडील नाहीत," तो म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

"ओह, सॉरी. फोटो आहे का एखादा? हे बापाकडून येतं बरेचदा. त्यांचं कुठवर गेलं होतं ते कळलं, की तुमचं कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो."

त्याने फोनमधून मावसबहिणीच्या लग्नातला फोटो काढून पुढे धरला. श्यामकांत पंगतीत वाढायला उभे, हातात जिलेबीचं ताट. पुढून केस मागे हटलेले, पण डोक्याच्या मागे आणि बाजूंना चांगले भरलेले. डॉक्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"इथे वय काय?"

"पंचावन्नच्या पुढे."

"आणि पुढच्या वर्षांत फार बदल नाही?"

"नाही," प्रांजल म्हणाला. "पुढे नाही."

"मग तुमच्यासाठी दुसरी पद्धत बसेल. स्ट्रिप." त्यांनी स्वतःच्या डोक्यामागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवलं. "इथून कातडीची बारीक पट्टी काढायची, टाके घालायचे, आणि पट्टीतली मुळं सोडवून पुढे लावायची. मागे शिवणीचा व्रण राहतो, पण वरचे केस तो झाकतात. तुमचे झाकतील."

"आणि डोकं?" खुर्चीतून आवाज आला.

"नाही काकू, पूर्ण डोकं करायला नको. पट्टीपुरतेच केस काढायचे. बाहेरून कुणाला कळणारही नाही."

रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. प्रांजललाही छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आईचं म्हणणं पटलं होतं असं नव्हे, पण आता पुन्हा नवा दवाखाना नको, पुन्हा तो प्रश्न नको. होऊ दे एकदाचं.

"फक्त एक," डॉक्टर म्हणाल्या, "वडिलांसारखं होईल असं धरून मी हे सांगतेय. काहींचे मागचेही जातात. तशा माणसाला मी पट्टीचं नावसुद्धा काढत नाही. साठीला शिवण उघडी पडते, या कानापासून त्या कानापर्यंत. मग जन्मभर टोपी."

पदराखालचा अंगठा थांबला.

"मागचे म्हणजे कुठले?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मानेच्या वरचे. आणि ही कानांच्या बाजूची कड."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच उभं होतं. रत्नप्रभाबाईंची नजर लेकाच्या वाकलेल्या मानेवर होती, जिथून ती पट्टी काढायची होती तिथे.

"हा फोटो जुना आहे," त्या म्हणाल्या.

"आई, असू दे ना."

"जुना आहे तो." आवाज तसाच, मऊ. "आता तेवढे नाहीत. पुढचे तर सगळेच गेले. मधलेही. इथे कानांच्या वर एवढीच कड आहे." त्यांनी तीन बोटं जुळवून दाखवली. "पांढरी झालीय."

डॉक्टरांनी प्रांजलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काहीतरी विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. पण त्यांनी आपल्या कामाचंच विचारलं.

"आणि मागे, मानेकडे?"

"तिथूनही वर सरकलेत. विरळ झालेत. जेवायला वाकले की दिसतं."

प्रांजलच्या हातातला फोन मंद झाला आणि विझला. जिलेबीचं ताट गेलं, माणूस गेला. काळ्या काचेत त्याचं स्वतःचं कपाळ तेवढं राहिलं. तपासणी संपली होती, तरी त्याने मान वर केली नाही.

"बरं झालं सांगितलंत," डॉ. जाधव हळूच म्हणाल्या. त्यांनी कागदावर काढलेल्या डोक्यावरची मागची रेघ खोडली. "मग पट्टी नको. एकेक मूळच वेचू या, तेही थोडीच, मधल्या पक्क्या जागेतली. पुढची रेषाही जरा वर घ्यावी लागेल. पण काकू, मग डोकं करावं लागेल. त्याला इलाज नाही."

"करा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

त्यांचा हात पदराबाहेर आला होता आणि मांडीवर नुसता उघडा पडला होता. प्रांजलने आता कुठे त्यांच्याकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं तो ज्याला वाट बघणं समजत होता, तो चेहरा समोर होता. दमलेला, उपाशी, आणि कुणाचीच वाट न बघणारा. त्यांनी नजर चुकवली नाही.

"पुढच्या आठवड्यात मंगळवार मोकळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "धरून ठेवू का?"

प्रांजलने फोन खिशात टाकला. तळहात कपाळावरून वर नेला, मागे नेला, मानेपर्यंत आणला आणि तिथेच ठेवला.

"आत्ता नको," तो म्हणाला. "वडिलांना विचारून सांगतो."