वजा एक इंच

मी टेप बोलतेय. कपड्यांची मापं घेणारी, पिवळी, साठ इंचांची. खरं म्हणजे एकोणसाठ इंचांची, पण ते पुढे येईलच. आत्ता मी मास्तरांच्या गळ्यात आहे आणि त्यांच्या मानेची नाडी मला लागतेय. ती पूर्वीसारखी नाही. म्हणून जे सांगायचं ते भराभर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पट्टीतून आम्हा शेकडो बहिणींना कापलं, टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि गठ्ठा बांधून बाजारात धाडलं. मला मास्तरांनी घेतलं. मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. कापायचं काम त्यांचं आणि मशीनवर त्यांचा धाकटा भाऊ. दुकान एवढंसं, की एकाला वळायचं तर दुसऱ्याने श्वास रोखून धरायचा. रात्री घरी जाताना मला गळ्यातून काढायचं मास्तर हमखास विसरत. मग त्यांची बायको, जिला धाकटा वहिनी म्हणे आणि म्हणून मीही म्हणते, ताट वाढता वाढता ओरडे, "अहो, निदान जेवताना तरी ते गळ्यातलं काढा!"

वापरून वापरून माझं पुढचं टोक झिजलं. पितळी टोपी कुठे पडली कुणालाच कळलं नाही, धागे सुटायला लागले. मास्तरांनी एक दिवस कात्रीने माझा पहिला इंच छाटून टाकला. "फेकायची कशाला? एकपासून मोजायचं आणि एक वजा करायचा." तेव्हापासून मी अडतीस दाखवलं की मास्तर सदतीस लिहीत. त्यांच्या हाताला ते इतकं बसलं होतं, की वजाबाकी करतोय हे त्यांना जाणवतही नसे.

त्यांना एकच नाद होता. दर सोमवारी लॉटरीचं तिकीट. आकडे कुठले, तर त्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या शर्टाची मापं. छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, उंची. गिऱ्हाइकाला ते सांगतसुद्धा, "लागली तर अर्धी तुमची हं!" गिऱ्हाईक हसे, मास्तर हसत, आणि मंगळवारी सगळे विसरून जात.

एका सोमवारी दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. मास्तर धाकट्याला म्हणाले, "ऊठ रे, आज तूच गिऱ्हाईक."

"शर्ट शिवणार का मला?"

"लॉटरी लागली की शिवतो. हात वर कर."

"दादा, अर्धी माझी बरं का. उद्या कानावर हात ठेवशील."

"अर्धी तुझी. शप्पथ."

मग धाकट्याने त्या टकल्या वकिलाची नक्कल सुरू केली, जो प्रत्येक वेळी पोट आत ओढून माप देतो आणि नंतर विजार घट्ट झाली म्हणून भांडतो. मास्तर हसून हसून बेजार. डोळे पुसत त्यांनी आकडे लिहिले. अडतीस, चौतीस, अठरा, पंचवीस, पंधरा, एकोणतीस. मी जे दाखवलं ते जसंच्या तसं. एक वजा करायचा राहून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही हसण्याच्या नादात.

ते तिकीट लागलं.

रक्कम मला विचारू नका, मला साठाच्या पुढे मोजता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. ज्याचं ज्याचं माप मी कधी घेतलं होतं तो प्रत्येक जण आला. "मास्तर, गेल्या सोमवारी मीच आलो होतो ना पहिला?" वकील तर पोट आत ओढूनच आला. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी शटर ओढलं आणि वही उघडली. वहीत त्या आकड्यांचा एकही माणूस नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं. मला पंधरावर चिमटीत धरून त्यांनी माझं तुटकं टोक चाचपलं आणि राहून गेलेला एक आता मनात वजा केला. मला तेव्हाच भीती वाटली होती.

धाकटा संध्याकाळी वाटा मागायला आल्यासारखा नाही, भावासारखाच आला. चहा घेऊन आला. "दादा, आता मशीन नवीन घेऊ या, नाही का?"

मास्तर म्हणाले, "आकडे तुझे नव्हते."

"म्हणजे?"

"तुझी छाती सदतीस. तिकिटावर अडतीस. तुझा गळा चौदा. तिकिटावर पंधरा. सहातला एक तरी तुझा आहे का? ये, मोजून दाखवतो."

आणि त्यांनी खरंच मोजलं. या वेळी एक वजा करून, अगदी काळजीपूर्वक. धाकटा हात वर करून उभा होता. मी त्याच्या छातीभोवती होते, आतलं सगळं मला ऐकू येत होतं. माझ्या तुटक्या टोकाकडे त्याने एकदा पाहिलं. त्याला कळलं होतं. पण तो भांडला नाही. "बरं," म्हणाला, कप उचलले आणि गेला. मला बोलता आलं असतं तर त्या क्षणी किंचाळले असते.

मास्तरांनी मोठं घर घेतलं. दुकान बंद झालं. मी मात्र गळ्यातच राहिले, सवय सुटत नाही माणसाची. आता मी माणसं मोजत नव्हते. खिडकीच्या गजांमधलं अंतर मोजत होते. आधी चार बोटांवर एक, मग तीन, मग दोन. फोन वाजला की मास्तर दचकत. दारात कुणी आलं की आधी विचारत, "काय हवंय?" वहिनी म्हणाली, "नमस्कार तरी घ्या आधी." पुढे पुढे ते वहिनीलाही तेच विचारू लागले.

मग लोखंडी दार करायचं ठरलं. कारागिराला घरात घ्यायचं नाही म्हणून माप मास्तरांनी स्वतःच घेतलं. चौकट छत्तीस इंच रुंद. मी दाखवलं सदतीस. महिनोन्महिने कुणाचं माप घेतलं नव्हतं, वजा करायची सवय हातातून गेली होती. त्यांनी सदतीस लिहून दिलं.

कारागीर म्हणाला, "मास्तर, इंचभर जास्त आहे. नेतो, परवा कमी करून आणतो."

"परवापर्यंत घर उघडं ठेवू? आजच बसव."

त्याने चौकट खरवडली आणि घणाने ठोकून दार बसवलं. ते असं आवळून बसलं, की एकाने आतून ओढायचं आणि दुसऱ्याने बाहेरून खांदा द्यायचा, तेव्हा कुठे हलणार. वहिनीने ते पाहिलं आणि पिशवी भरली. "मी धाकट्या भाऊजींकडे जाते. मला असल्या दारामागे मरायचं नाही." मास्तर तिला थांबवायला उठले नाहीत. दूधवाला रोज खांदा द्यायचा. एके दिवशी त्यालाही मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस, तुझी नजर आत फिरते."

त्याला आज तिसरा दिवस. सकाळी मास्तर दारापर्यंत आले, ओढून पाहिलं, छाती धरली आणि तिथेच खाली बसले. फोन आतल्या खोलीत आहे. त्यांची मान पूर्वी पंधरा होती, आता साडेतेराही भरत नाही.

मघाशी बाहेरून आवाज आला. "दादा! वहिनीनं पाठवलंय. दूधवाला भेटला होता. दार उघड रे!"

मास्तरांचे ओठ हलले. सवयीने "काय हवंय" म्हणतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "आकडे तुझेच होते. वजा करायचं राहिलं." इतक्या हळू, की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

बाहेर धाकटा खांदे मारत राहिला. दार जरासं हललं आणि अडकलं. माझ्या छाटलेल्या तुकड्याएवढं अडकलं. मग पावलं पळत गेली. तो माणसं आणायला गेला असेल. नक्कीच गेला असेल.

मास्तरांची नाडी दोन ठोक्यांमध्ये फार वेळ घेतेय. तुम्ही कुणी हे ऐकत असाल तर या, खांदा द्या. आणि उशीर झालाच, तर निदान एवढं करा. धाकट्याला सांगा, की दादाने कबूल केलं होतं. मी साक्षीला आहे.