बायकांनाच धरणारी हडळ

धरमतरच्या खाडीलगतच्या त्या पाड्यावर, अमावास्येच्या सकाळी रघू म्हात्र्याच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मिठागरावरची कामं टाकून माणसं आली होती आणि सगळ्यांचे डोळे म्हात्र्यांच्या नव्या न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे लागले होते. आत विठू भगत अंघोळ करत होता.

खरं तर एवढी माणसं जमावीत असं त्या अंघोळीत काही नव्हतं. सुटलेलं पोट, पंचा, गळ्यात माळांचा गुंता. पण ह्याच न्हाणीघरात म्हात्र्यांच्या घरच्या बाया एकामागून एक चक्कर येऊन पडल्या होत्या. आधी घरधनीण सीताबाई, मग पाहुणी आलेली भाची, आणि सून किमया तर दोनदा. पेणच्या डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. सापडलं ते भगताला.

"हडळ हाय," लोटा डोक्यावर उपडा करत भगत सांगत होता. "बाळंतपणात मेलेली. बाप्यांच्या वाटेला जात नाय, बाईमाणूस दिसलं की धरते. ही बघा, माझ्या पायाशी बसलीय मांजरावानी. मी सोडल्याबिगर उठायची नाय."

माणसं माना उंचावून भगताच्या पायाशी बघत होती. तिथं साबणाचं पाणी वाहत होतं. तरी मागच्या एकदोघींनी हात जोडले.

ओटीच्या पायरीवर किमया बसली होती. अंगाला हळद, ओटीत नारळ, चेहरा उतरलेला. लग्न होऊन ती कासूहून आली आणि त्याच महिन्यात हे सुरू झालं, म्हणून भगतानं निदान पक्कं केलं होतं: हडळ हिच्याच मागून आली. उपायही तयार होता. अमावास्येला भर बारा वाजता सुनेनं दार-खिडकी बंद करून आत जायचं आणि भगताचा मंत्र संपेपर्यंत कढत पाण्यानं न्हायचं. पडली तरी दार उघडायचं नाही. हडळ सुटली तर ठीक, नाहीतर सुनेला कायमची माहेरी धाडायची.

हे सगळं संध्या दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. संध्या ही म्हात्र्यांची लेक, रोह्याला शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळच्या गाडीनं आली होती. आल्याआल्या आईनं सांगितलेली कथा ऐकून ती हसली होती, आणि "बघू तरी तुझी हडळ" म्हणत टॉवेल घेऊन सरळ न्हाणीघरात शिरली होती.

मग मात्र हसू मावळलं होतं. चार तांबे अंगावर घेते न घेते तोच डोकं जड झालं, कानात घूं घूं व्हायला लागलं आणि गुडघ्यातलं बळ गेलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, विज्ञानाच्या बाईंना वाटलं की मागं कुणीतरी उभं आहे. त्या भीतीची तिला अजून लाज वाटत होती. पण खाली बसता बसता तिची नजर भिंतीवरच्या गॅस गिझरकडे गेली. भावाच्या, दिनेशच्या लग्नात स्वस्तात जुनाच घेतलेला, नळ सोडला की टकटक करत आपोआप पेटणारा गिझर. त्याच्या काचेतली ज्योत निळी नव्हती, पिवळीधमक होती, आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. संध्यानं वर पाहिलं. झरोक्यात गोणपाट कोंबलेलं, आणि त्यावर कणकेच्या खळीनं चिकटवलेलं भगताचं मंतरलेलं फडकं. तिनं कसंबसं कडी काढून दार ढकललं आणि उंबऱ्यावर बसून छातीभर वारा घेतला.

"आई, झरोका कुणी बुजवला?"

"मीच गो. मागून बंदराची वाट जाते, माणसं जातात येतात. बाईमाणसानं उघड्यावर न्हायचं काय? वरचं फडकं भगतानं लावलं, हडळ तिथून येते म्हणून."

"आणि बाबा, दिनेश कुठं न्हातात?"

"ते कशाला आत जातील? बाप्ये अंगणात दगडावर न्हातात, बादली भरून."

संध्याला काय समजायचं ते समजलं होतं.

आता भगत अंग पुसत बाहेर आला, ताजातवाना, भांगसुद्धा पाडलेला. "चल गो पोरी," त्यानं किमयाला फर्मावलं. किमया उठली.

"थांब वहिनी," संध्या मधे आली. "ही आत जायची नाय. आत दार लावून गिझर पेटवला की विषारी वायू होतो. ही मरेल."

अंगणात हशा पिकला. धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला दिनेश डोळे चोळत म्हणाला, "ताई, मग भगताला कसं काय होत नाय? आताच तर न्हाला."

"दार उघडं ठेवून न्हाला," संध्या म्हणाली. "भगतबुवा, हडळ तुमच्या पायाशी बसते ना? मग माझ्या वहिनीला जे सांगता ते आधी तुम्ही करून दाखवा. दार लावून. जमत नसेल तर नको म्हणा, आणि फडकं काढून घरी जा."

भगतानं नको म्हटलं असतं तर तिचं काम तिथंच झालं असतं. पण एवढ्या माणसांपुढं माघार घ्यायची तर दुसऱ्या दिवसापासून कोंबडा कोण देणार? "लाव दार," तो गुरकावला.

संध्यानं आधी दाराची आतली कडी काढून टाकली. सिलिंडर बाहेर पडवीत होता, त्याच्या रेग्युलेटरवर दिनेशला हात ठेवून उभं केलं. "मंत्र मोठ्यानं म्हणा," तिनं बजावलं. "आवाज ऐकू यायला हवा. थांबलात की मी दार उघडणार."

आतून पाण्याचा आवाज आणि खणखणीत मंत्र सुरू झाला. "ओम ह्रीं फट्, बांधली बांधली, हडळ बांधली..." लोक संध्याकडं कीव केल्यासारखं बघत होते. जरा वेळानं मंत्राची चाल मंदावली. मग "बांधली"च्या जागी "सांडली" आलं. मग भगत आपल्या बायकोला चहा मागायला लागला. मग नुसतं "अगो... अगो..."

"बंद कर," संध्या दिनेशवर ओरडली आणि तिनं दार उघडलं. दोघांनी भगताला बखोटीला धरून बाहेर ओढला, वाऱ्याला बसवला. तो डोकं धरून ओकला आणि हळूहळू शुद्धीवर आला.

शेजारची म्हातारी येसू काठी टेकत पुढं आली. भगताला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिनं विचारलं, "हडळ बायांनाच धरते म्हणाला होतास ना रे? मग हिला मिशी चालती काय?"

एवढा वेळ दबलेलं हसू अंगणभर फुटलं. भगताला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, तेव्हा माळा, मोरपिसं आणि त्याचा कोंबडा ओटीवरच राहिला.

मग संध्यानं सगळ्यांना सांगितलं, वर्गात सांगते तसंच. "गॅस जळायला हवा लागते. खोली बंद असली, गिझरच्या बर्नरमध्ये खाऱ्या वाऱ्याचा गंज आणि काजळी साचली, की गॅस धड जळत नाय. ज्योत पिवळी होते. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाय, वास नाय. रक्तात शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो. माणूस झोप आल्यासारखं पडतं आणि कुणी दार उघडलं नाय तर उठत नाय. उघड्यावर आणलं की बरं वाटतं, म्हणून डॉक्टरला पत्ता लागत नाय. आणि बाप्ये अंगणात न्हातात, म्हणून हडळ बायांनाच धरते."

दुपारी पेणहून हर्षद मिस्त्री आला. त्यानं बर्नर खोलून मूठभर काजळी झटकली, गिझर बाहेरच्या भिंतीला टांगला आणि आत फक्त पाण्याचा पाइप नेला. नळ सोडला तर ज्योत निळीशार. "वरसातून एकदा साफ करून घ्यायचा असतो हो," तो म्हणाला. "कोण करतो?"

सीताबाईनं स्टुलावर चढून मंतरलेलं फडकं स्वतःच्या हातानं ओढून काढलं. मग सुनेपुढं उभी राहिली. "मी तुला मारायलाच निघालेले गो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. किमयानं ओटीतला नारळ काढून सासूच्या हातात दिला. "फोडा आता, आमटीला घालू," ती म्हणाली. बाया हसल्या.

हसता हसता येसू एकदम थांबली. "आमच्याकडं पण त्योच गिझर हाय. आन् माजी नात पूजा आताच न्हायाला गेली."

क्षणात अंगण मोकळं झालं. सगळ्या बाया येसूच्या घराकडं पळाल्या, पुढं सीताबाई. दारावर थापांवर थापा. दार किलकिलं झालं आणि डोक्याला शाम्पूचा फेस घेऊन नात वैतागलेली दिसली. "न्हाऊ द्या की मला. काय जत्रा हाय काय?"

"पूजा, डोकं दुखतं का गो तुझं?" सीताबाईनं विचारलं.

"व्हय," पूजा म्हणाली. "रोजच दुखतं न्हाताना. का?"

किमया पुढं झाली, तिनं न्हाणीचं दार सताड उघडलं, गिझर बंद केला आणि झरोक्यातली उशी खसकन ओढली. वारा आत आला. त्या दुपारी बायांनी पाड्यावरचं एकही न्हाणीघर सोडलं नाही. घरोघर जाऊन झरोक्यातली चिरगुटं उपसली आणि आडोशाला बाहेरून, वाऱ्याला वाट सोडून, पत्रा लावला.

तुमच्याही घरी असा गिझर असेल. आज त्याची ज्योत बघा, झरोका बघा. आणि न्हाणीत कुणी चक्कर येऊन पडलं तर आधी दार उघडा, माणूस वाऱ्यावर आणा, दवाखाना गाठा. भुताचं नाव ज्याला काढायचं असेल त्याला नंतर काढू द्या. तोवर माणूस वाचलेलं असेल.